वाचकांचे प्रश्न : कृष्णाची बंदिश, मुलाचं रॅप आणि आपली उपासना

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी शास्त्रीय गायनाच्या क्लासला जाते. तिथे कृष्णाच्या बंदिशी शिकवतात. चर्चच्या मंडळीतल्या दोघी वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, ख्रिस्ती घरात हे शोभत नाही. घरी मिस्टर पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावतात आणि थोरला मुलगा हेडफोन घालून रॅप ऐकत बसतो. आपण फक्त उपासनेची गीतंच ऐकावीत का? क्लासची पुढची फी भरू का? आणि नाताळच्या कार्यक्रमात लेकीने राग गायला तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, सलाम.

फी भरा.

आता कारण सांगते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. तंतुवाद्य आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष युबाल तिथे भेटतो. तो काइनाच्या वंशातला, म्हणजे सख्ख्या भावाचा खून करणाऱ्याच्या घराण्यातला. पुढे तंतुवाद्य दाविदाच्या हाती आलं. शौल राजाचा जीव तळमळू लागला की दावीद ते वाजवायचा आणि राजाला आराम पडायचा. वाद्याचं कूळ तिथे कुणी काढलं नाही. उलट आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव आपल्याच लोकांना सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, तुमच्या वीणा मला ऐकायच्या नाहीत. ती गीतं देवाचीच होती. न्याय मात्र कुठे नव्हता. म्हणून ‘गाणं ख्रिस्ती आहे ना?’ एवढंच विचारून थांबणं मला अपुरं वाटतं.

चालींचंही तसंच. काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकावरचं एक गीत उत्तम शुक्रवारी देशोदेशीच्या चर्चमध्ये गातात. त्याची चाल हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराच्या १६०१ साली छापलेल्या प्रेमगीताची. पुढे जर्मन संगीतकार बाखने ती मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या आपल्या संगीतरचनेत पुन्हा पुन्हा घेतली. त्याच बाखने १७३३ साली राणीच्या वाढदिवसासाठी नगारे आणि कर्णे घालून एक समूहगान रचलं. पुढच्या वर्षी शब्द बदलून त्याने आपल्या नाताळच्या रचनेची सुरुवात त्यावरच केली. शब्द नवे आले आणि नगारे तेच राहिले. मी ते ऐकते तेव्हा राजवाडा आठवत नाही, गव्हाणच दिसते.

आपल्या घरचंच पाहा ना. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत. १६१६ साली ते छापून निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचे अभंग आणि भजनं आपल्या उपासनासंगीतात आहेत. मी इथे नगरला मंडळीत पेटी वाजवते. टिळकांचं भजन सुरू झालं की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसंही टाळ्यांनी ठेका धरतात. तुकोबांच्या गाथेवर टिळकांचं प्रेम नसतं, तर हे भजन आपल्या वाट्याला आलं नसतं.

म्हणून मिस्टरांना अभंग ऐकू द्या. तुम्हीही शेजारी बसा. आपण विठ्ठलाची उपासना करत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण भेटीसाठी व्याकूळ झालेला जीव कसा हाक मारतो, हे भीमसेनजींच्या गळ्यातून कळतं. ती व्याकुळता ऐकून माझी स्वतःची प्रार्थना किती कोरडी आहे, हे मला पुष्कळदा जाणवतं. एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. काही जण वारकऱ्यांच्या अभंगातलं नाव काढून तिथे येशूचं नाव घालतात. ती दुसऱ्याची प्रार्थना आहे. ती ऐकावी, तिचा मान राखावा, आणि आपली आपण रचावी.

लेकीच्या बंदिशीचं प्रेषित पौल सांगतो तसं करा. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल करिंथकरांना लिहिताना त्याने प्रत्येकाच्या सद्‌सद्विवेकाला जपलं. तेव्हा त्या दोघी काय म्हणाल्या हे बाजूला ठेवून आधी मुलीला विचारा, तेही न घाबरवता. तिच्यासाठी ती बंदिश म्हणजे भूप रागाचे सूर कसे चालतात याचा अभ्यास असेल, तर तिला गाऊ द्या. तिलाच अवघड वाटत असेल, तर गुरुजींशी मोकळेपणाने बोला. नुसत्या स्वरांचं सरगमगीत आहे, रागाची लक्षणं सांगणारं लक्षणगीत आहे, नुसत्या बोलांचा तराणा आहे, पावसाच्या नि वसंताच्या बंदिशी आहेत. शिकवणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही.

मुलाच्या रॅपची तुम्हाला जास्त धास्ती वाटतेय, असं पत्रावरून दिसतं. त्याचे हेडफोन काढून घेऊ नका. स्पीकरवर लावायला सांगा आणि शब्द नीट ऐका. बाईची विटंबना असेल, तर हे आपल्या घरात चालणार नाही, असं सरळ सांगा. मी तरी सांगेन. पण संताप असेल, हताशपणा असेल, तर दचकू नका. ८८वं स्तोत्र उघडून त्याला वाचायला द्या. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या मुलाला हे कुणी सांगितलं नसेल.

फक्त उपासनेचीच गीतं ऐकायची ठरवलं, तर गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आपल्याला कसे कळणार? वडील गावच्या चर्चचे गायनमास्तर, आणि हे मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांना सिम्फनीच्या वाद्यवृंदात आणलं. चर्चच्या अंगणात मिळालेलं त्यांनी उघड्या हाताने सगळ्यांना वाटलं. ते घ्यायला आपण का कचरावं?

राहिला नाताळचा कार्यक्रम. तिथे मंडळी एकत्र प्रार्थना करते, म्हणून शब्द आपल्या विश्वासाचेच हवेत. टिळकांचं एखादं भजन निवडा. गुरुजींकडून ते भूपात बसवून घ्या, आधी तीन-चार मिनिटं आलाप ठेवा, आणि साथीला तानपुरा नि तबला एवढंच असू द्या. पाळक साहेबांना आत्ताच भेटून दहा मिनिटं मागून घ्या, कारण डिसेंबरात कार्यक्रमपत्रिका भरलेली असते. त्या दोघी बायकांना पहिल्या बाकावर बसवा आणि ध्रुवपदाला त्यांनाही गायला सांगा.