एकटीनं म्हणजे कशाविना?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. वडील गेल्यावर चार यंत्रमागांचा घरचा कारखाना तिच्या आईनं चालवला. शिष्यवृत्तीच्या अर्जात हे इंग्रजीत लिहायचं आहे. 'माझ्या आईनं एकटीनं कारखाना चालवला' यासाठी तिनं आधी 'सोलली' (solely) लिहिलं. मैत्रिणीनं ते खोडून 'अलोन' केलं, शिकवणीच्या सरांनी 'सिंगल-हँडेडली' सुचवलं. यातलं बरोबर कुठलं? शेवटी तिनं सहज लिहिलंय की मागांवर दोन कामगार होते आणि कांड्या, म्हणजे सुताच्या लहान नळ्या, भरायला मावशी यायची.

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. त्याच्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

'एकटी' या शब्दात काहीतरी नसतं. कधी सोबत नसते, कधी मदत नसते, कधी दुसऱ्या कुणाचा वाटा नसतो, तर कधी कुणाला विचारलेलं नसतं. मराठीत बहुतेक वेळा 'एकटी' एवढ्यावर भागतं, बाकीचं विभक्ती आणि क्रियापद सांगतं. 'ती एकटी राहते' यात सोबत नाही. 'तिनं एकटीनं केलं' यात मदत नाही. 'ती एकटी पडली' यात तर माणसं आसपास असूनही पाठीशी कुणी नाही. इंग्रजीत या प्रत्येक 'नाही'ला जवळजवळ वेगळा शब्द आहे, म्हणून आपली गडबड होते. तुमच्या घरी तेलुगू बोलत असतील तर 'ओक्कते' (ती एकटीच) आणि 'ओंटरिगा' (सोबतीशिवाय) यांत तुम्ही न चुकता फरक करत असाल. तोच कान इंग्रजीला लावायचा आहे.

'अलोन' हा मुळात 'ऑल' आणि 'वन' यांचा जोडशब्द, म्हणजे अगदी एक. पुढे त्याचा 'अ' गळून 'लोन' झाला आणि त्यावरून 'लोनली'. शेवटी 'ली' आहे म्हणून 'लोनली' क्रियाविशेषण वाटतं, पण ते विशेषण आहे, अर्थ एकाकी. 'शी वर्क्ड लोनली' हे वाक्य आपल्याकडच्या वह्यांत पुष्कळ दिसतं आणि ते चूकच आहे.

'अलोन'ची खरी गंमत जागेत आहे. सोलापूरकराला समजावं म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंच उदाहरण घेतो. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. चौघे परतले, कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले. आता 'ही अलोन डाइड इन चायना' असं लिहिलं तर अर्थ होतो, पाचांपैकी ते एकटेच चीनमध्ये वारले. हे खरं आहे. 'ही डाइड अलोन इन चायना' लिहिलं की मरताना जवळ कुणी नव्हतं असं होतं, आणि त्यांचं आयुष्य तसं नव्हतं. तिथं त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान होत्या, त्याच वर्षी जन्मलेला मुलगा होता, रुग्णालयातले सहकारी होते. शब्द तेच, फक्त 'अलोन' एक घर पुढे सरकला आणि खऱ्याचं खोटं झालं. मराठीत हे काम 'एकटेच'मधला 'च' बरंचसं सांभाळतो. इंग्रजीत 'च' नाही, म्हणून शब्दाची जागा सांभाळावी लागते. नामाच्या किंवा सर्वनामाच्या लगेच नंतर आलेला 'अलोन' म्हणजे आपला 'च'. क्रियापदानंतरचा 'अलोन' म्हणजे सोबतीशिवाय.

म्हणून 'माय मदर अलोन रॅन द वर्कशॉप' लिहिलंत, तर इतर कुणी नव्हे, आईनंच चालवला असा दावा होतो, जणू कुणी दुसरं नाव पुढे करतंय. तुम्हाला तो वाद घालायचा नाही.

'सोलली' इथं बसत नाही. त्याचा अर्थ केवळ, फक्त. 'सोलली रिस्पॉन्सिबल' म्हणजे जबाबदारीत दुसऱ्याचा वाटा नाही, हे ठीक. पण 'शी सोलली सोल्ड चादर्स' वाचून माणूस म्हणेल, बरं, म्हणजे टॉवेल विकत नव्हती. 'सिंगली'चाही मोह टाळा. तो एकेक करून, सुटं सुटं यासाठी आहे.

सरांचा 'सिंगल-हँडेडली' चांगला शब्द आहे आणि आपल्या 'एकहाती'शी त्याचं नातं जुळतं. एका हातानं घेतलेला झेल एकहाती आणि एकट्याच्या फलंदाजीवर जिंकलेला सामनाही एकहाती, तसंच इंग्रजीतही दोन्ही अर्थ चालतात. पण या शब्दात मदतीचा साफ नकार आहे आणि पराक्रमाचा सूर आहे. दोन कामगार धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी नाव, बदलत होते, तुटलेलं सूत सांधत होते, मावशीच्या कांड्यांशिवाय माग हलला नसता. त्यांना पुसून टाकून आईला मोठं करायची गरज नाही. ती तशीही मोठी आहे.

मी 'ऑन हर ओन' लिहिलं असतं. कारभार, उधारी, सुताचा भाव, बँक हे सगळं नवऱ्याच्या पश्चात स्वतःच्या हिमतीवर, एवढं त्यात नेमकं येतं आणि कामगारांना जागा उरते. 'बाय हरसेल्फ' जवळचाच आहे, पण त्यात शरीरानं एकटी असल्याचा भास जास्त. वस्तूंबाबत तर 'बाय इटसेल्फ' म्हणजे आपोआप. वाक्य असं ठेवा: 'आफ्टर माय फादर डाइड, माय मदर रॅन अवर फोर-लूम वर्कशॉप ऑन हर ओन, विथ टू वर्कर्स अँड माय आंट.'

तिचा दुसरा छोटा प्रश्नही होता. काकांनी दोन माग 'परस्पर' विकले, तर इंग्रजीत काय? या शब्दानं मराठीत मोठी उलटी उडी घेतली आहे. संस्कृतात परस्पर म्हणजे एकमेकांना, 'परस्पर संबंध'मध्ये आपणही तो तसाच घेतो, पण बोलताना वापरतो तो नेमका एकमेकांना न विचारता केलेल्या कामासाठी. शब्दकोशातला 'म्यूच्युअली' घेतलात तर काकांनी सगळ्यांच्या संमतीनं विकले असं होईल. 'युनिलॅटरली' अर्थानं जुळतो, पण तो करारांच्या आणि सरकारांच्या भाषेतला. घरातल्या मागांसाठी साधं 'विदाउट आस्किंग अस' लिहा.