पालकत्वाच्या अर्जावर कोणाकोणाच्या सह्या?

“आम्ही आहोत तोवर हिची काळजी नाही. पण आमच्यानंतर हिचे कोण?” प्रौढ दिव्यांग मुलांचे आईवडील समोर बसले, की पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य येतेच. बहुतेकांना त्याचे उत्तर कायदेशीर पालकत्वाच्या दाखल्यात सापडेल असे वाटते. दाखला आवश्यक आहेच. परंतु त्या कागदाने काय होते आणि काय होत नाही, हे एका कुटुंबाने मला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही प्रशिक्षणाने दाखवले नव्हते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षांच्या लेकीला बौद्धिक अक्षमता. तिच्या नावाने ठेव ठेवायला गेले तेव्हा बँकेने पालकत्वाचा दाखला मागितला आणि ते दुखावले गेले. “छत्तीस वर्षे मी हिला सांभाळतोय, आणि मीच हिचा बाप असल्याचा पुरावा द्यायचा?” अपत्य अठरा वर्षांचे झाले, की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल, हीदेखील त्यांची समजूत होती. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्ह्यातच सोय केलेली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि या समितीकडे अर्ज करता येतो. (स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराला हा कायदा लागू नाही, आणि तेथे अनेक कुटुंबांची फसगत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आजारी व्यक्ती स्वतः आपला प्रतिनिधी नेमू शकते; तो मार्ग वेगळा आहे.)

वडिलांनी पुण्यात राहणाऱ्या मुलाचे नाव पालक म्हणून ठरवून टाकले होते. आईवडिलांना आपल्या पसंतीची व्यक्ती सुचवता येते, पण दिव्यांग स्त्रीचा पालक एकटा पुरुष होऊ शकत नाही; विवाहित पुरुषाबरोबर त्याची पत्नी मुख्य सहपालक असावी लागते. हे सांगताच वडील सहज म्हणाले, “सूनबाई काय, करेलच ती सही.”

त्या “करेलच” या शब्दापाशी मी थांबले आणि पुढच्या भेटीला सर्वांना बोलावले, लेकीलाही. घरातला एक जण बदलला की सगळ्यांच्या जागा हलतात, या दृष्टीनेच मी कुटुंबांकडे पाहत आले आहे.

सून बराच वेळ गप्प होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, “मी नाही म्हणणार नाही. पण लग्नाला अकरा वर्षे झाली, ‘करशील का?’ असे मला कोणी विचारलेच नाही. ‘करेल’ असेच सगळे धरून चाललेत.” सासूबाईंचे डोळे भरून आले. वडील काही बोलू लागले, तेव्हा मी त्यांना हाताने थांबवले.

मग मी लेकीकडे वळले. ती रुमालाच्या घड्या घालत बसली होती. पुढे कुठे राहायला आवडेल, असे विचारल्यावर वडील सवयीने तिच्या वतीने उत्तर देऊ लागले, पण तिने मान हलवली. “पुण्याला नको. तिथे माझी कार्यशाळा नाही.” कार्यशाळा म्हणजे ती काम करते ती जागा. आणि थोड्या वेळाने, “वहिनी चालेल. वहिनी माझे बोलणे संपेपर्यंत थांबते.”

खोलीत कोणी बोलले नाही. छत्तीस वर्षे ज्या माणसाविषयी सगळे बोलत होते, त्याने निकष सांगितला होता, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याही निकषापेक्षा नेमका होता. सही करणारा माणूस आणि ऐकून घेणारा माणूस या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे मला त्या क्षणी लख्ख कळले. राष्ट्रीय न्यास कायद्यालाही ते ठाऊक आहे: पालकाची खरोखर गरज आहे का आणि ती कोणत्या कामांसाठी, याचा विचार समितीने करावा, असे त्यात लिहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वही परस्पर विश्वासाने, दोघांनी मिळून निर्णय घेण्यावरच उभे आहे.

म्हणून अर्ज भरण्याआधी मी प्रत्येक कुटुंबाला घरी बसून दोन याद्या करायला सांगते. पहिलीत बँक, मालमत्ता, उपचारांची संमती अशी पालकाची कामे. दुसरीत रोजचे वेळापत्रक, मैत्रिणी, आवडीनिवडी, जिथे शेवटचा शब्द तिचाच राहील. भावी पालकाला जबाबदारीही आधीच सांगावी: नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. पालकाने छळ केला, हेळसांड केली किंवा मालमत्तेचा गैरवापर केला, तर त्याला हटवण्यासाठी नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. हे ऐकून कोणी कचरला, तर ते आईवडिलांच्या हयातीत कळलेले बरे.

या कुटुंबाचा अर्ज पुढे गेला. त्यासोबत लेकीने कार्यशाळेतल्या बाईंच्या मदतीने लिहिलेला, कुठे राहायचे ते सांगणारा कागदही जोडला होता. काही महिन्यांनी सुनेचा फोन आला. आता दर महिन्याला ती गावी जाते, हिशेबाची वही घेऊन नणंदेशेजारी बसते, आणि कार्यशाळेच्या मानधनाची ओळ नणंद स्वतः लिहिते.