एकशे एकवीस पराभवांचा हंगाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने 2024च्या हंगामात 162पैकी 121 सामने गमावले आणि तो आधुनिक काळातील विक्रम ठरला, असे वाचनात आले. हा खरोखरच आजवरचा सर्वांत वाईट संघ म्हणावा काय? की त्यात दुर्दैवाचाही वाटा होता?

उत्तर : पराभवांची नुसती संख्या मोजली, तर 1901पासूनच्या काळात याहून वाईट हंगाम नाही. आधीचा विक्रम न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर होता. 1962 साली, आपल्या पहिल्याच हंगामात, त्या संघाने 40 सामने जिंकले होते आणि 120 गमावले होते. परंतु मेट्सचे 160 सामने निकाली ठरले होते आणि व्हाइट सॉक्सचे 162, त्यामुळे संख्येपेक्षा विजयांचे प्रमाण पाहणे अधिक न्याय्य ठरते. त्या मापाने व्हाइट सॉक्सचे 41 विजय म्हणजे 25.3 टक्के होतात, तर मेट्सचे बरोबर 25 टक्के. 1935 सालच्या बोस्टन ब्रेव्ह्ज संघाने 38 विजय आणि 115 पराभव नोंदवले होते, आणि 1916चा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघ 36 विजय आणि 117 पराभवांसह साडेतेवीस टक्क्यांवरच अडकला होता. म्हणजे प्रमाणाच्या हिशेबात व्हाइट सॉक्सच्या खालीही काही संघ आहेत.

‘आधुनिक काळातील’ हे विशेषण जोडावे लागते ते 1899च्या क्लीव्हलँड स्पायडर्स संघामुळे. त्या संघाने 20 सामने जिंकले आणि 134 गमावले. त्याच्या मालकांनी त्याच सुमारास सेंट लुइसचा संघही विकत घेतला होता आणि क्लीव्हलँडचे उत्तम खेळाडू उचलून तिकडे नेले होते. मैदानावरची दुर्दशा अनेकदा मैदानाबाहेर आधीच ठरलेली असते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुर्दैवाविषयी म्हणाल, तर ते मोजण्याची एक सोपी रीत आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे, म्हणजे अपेक्षित विजयांचे प्रमाण ढोबळमानाने कळते. व्हाइट सॉक्सने 507 धावा केल्या आणि 813 दिल्या. यावरून अपेक्षित विजय 45च्या आसपास येतात. दैवाच्या माथी मारता येतील असे सामने एवढेच, चार-पाच. दैवाने साथ दिली असती तर विक्रम टळला असता हे खरे, पण जो संघ उभा करण्यात आला होता तो 117 पराभवांच्या लायकीचाच होता.

प्रश्न : हाच संघ 2021 साली आपल्या गटात पहिला आला होता. तीन वर्षांत एवढी घसरण कशी झाली?

उत्तर : 2021 साली व्हाइट सॉक्सने 93 सामने जिंकून अमेरिकन लीगच्या (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) मध्य विभागाचे विजेतेपद मिळवले होते. तो संघ ज्या पद्धतीने घडवला गेला, तीच पद्धत पुढे त्याच्या मुळावर आली, असे माझे मत आहे. डिसेंबर 2016मध्ये त्यांनी ख्रिस सेल हा अव्वल पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) बोस्टनला देऊन योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक यांच्यासह काही तरुण खेळाडू घेतले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये होसे किंताना याला शिकागोच्याच कब्ज संघाकडे पाठवून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस मिळवले. जुना संघ मोडून तरुणांवर नवा उभारायचा, ही कल्पना वाईट नव्हती. मात्र अशी उभारणी फळाला येते तेव्हा उरलेल्या जागा भरण्यासाठी बाजारात जाऊन मोठ्या रकमा मोजाव्या लागतात, आणि तेथे हा संघ कायम हात आखडता घेत राहिला. संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिंटेंडी याच्याशी डिसेंबर 2022मध्ये झाला. त्याची रक्कम पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर होती, आणि अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातील संघासाठी हा उच्चांक म्हणजे नामुष्कीच होय.

मग जे थोडे खेळाडू होते त्यांच्यावरच सारा भार पडला आणि त्यांच्या दुखापती संघाला झेपेनात. 2022मध्ये 81 विजय आणि 81 पराभव, 2023मध्ये 61 विजय आणि 101 पराभव, अशी उतरंड लागली. 2023च्या ऑगस्टमध्ये अनेक वर्षे कारभार पाहणारे केनी विल्यम्स आणि रिक हान या दोघांनाही मालकांनी काढून टाकले. अशा वेळी बाहेरून कोणी अनुभवी, नव्या नजरेचा माणूस आणला जाईल अशी अपेक्षा होती. पण संघाच्याच कारभारातील ख्रिस गेट्झ यांची जनरल मॅनेजर म्हणून नेमणूक झाली. लुकास जोलिटो आणि लान्स लिन हे पिचर त्या उन्हाळ्यातच गेले होते. मार्च 2024मध्ये, हंगाम तोंडावर असताना, सीसलाही सॅन डिएगोकडे पाठवण्यात आले. त्याच जुलैमध्ये त्याने नव्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (चेंडू टोलवून बेस गाठणे) न देता सामना जिंकला, तर इकडे व्हाइट सॉक्स आपल्या सर्वांत लांब पराभवमालिकेत रुतलेला होता. मोंकाडा आणि लुईस रॉबर्ट ज्युनियर हे दोघेही एप्रिलमध्येच जायबंदी झाले. पहिल्या 25 सामन्यांत 3 विजय आणि 22 पराभव, ही सुरुवात तेथूनच झाली.

याच विभागातील कॅन्सस सिटी रॉयल्सकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. 2023मध्ये त्यांची स्थिती व्हाइट सॉक्सहूनही वाईट, म्हणजे 106 पराभवांची होती, आणि त्यांचे शहर शिकागोच्या मानाने फार लहान आहे. परंतु त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लुगो आणि मायकेल वाका या अनुभवी पिचरना करारबद्ध केले आणि बॉबी विट ज्युनियर या आपल्या तरुण खेळाडूला 11 वर्षांसाठी 28 कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार दिला. 2024मध्ये रॉयल्सनी 86 सामने जिंकून बाद फेरी गाठली. ज्या हिवाळ्यात एकाने भर घातली त्याच हिवाळ्यात दुसऱ्याने मोडतोड केली, म्हणून 121 हा आकडा मला अपघात वाटत नाही.

प्रश्न : हंगामाच्या मध्यावर मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढून काय साधले?

उत्तर : फारसे काही नाही. 10 जुलैपासून व्हाइट सॉक्स सलग 21 सामने हरले आणि 1988च्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या नकोशा अमेरिकन लीग विक्रमाशी त्यांनी बरोबरी केली. 6 ऑगस्टला ऑकलंडमध्ये 5-1 असा विजय मिळाला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना निरोप देण्यात आला. तेव्हा संघाच्या नावावर 28 विजय आणि 89 पराभव होते. उरलेल्या 45 सामन्यांत, ग्रेडी साइझमोर यांच्या हंगामी नेतृत्वाखाली, 13 विजय आणि 32 पराभव झाले. म्हणजे विजयांचे प्रमाण 24 टक्क्यांवरून 29 टक्क्यांपर्यंत गेले. ग्रिफोल यांच्याकडून चुका झाल्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण फलंदाजीत सर्व 30 संघांत तळाला असलेल्या चमूला मॅनेजर धावा कोठून आणून देणार?

प्रश्न : सर्वांत वाईट संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये नवोदित खेळाडू निवडण्याची पहिली संधी मिळते, म्हणून संघ मुद्दाम हरतात, असे म्हणतात. व्हाइट सॉक्सनेही तसेच केले काय?

उत्तर : या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. मैदानावर उतरलेला खेळाडू मुद्दाम हरत नाही. त्याचा पुढचा करार त्याच्याच खेळावर अवलंबून असतो. संघ कमकुवत ठेवण्याचा निर्णय होतो तो कार्यालयात, आणि युरोपातील फुटबॉलप्रमाणे खालच्या श्रेणीत जाण्याची भीती येथे नसल्यामुळे तो निर्णय घेणे सोपे जाते. ह्यूस्टन ॲस्ट्रोज 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षे शंभराहून अधिक सामने हरले आणि 2017 साली विजेते झाले. ते विजेतेपद पुढे प्रतिस्पर्धी पिचरला दिल्या जाणाऱ्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाने डागाळले, तरी हरून हरून वर येण्याच्या वाटेला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली ती मिळालीच.

नेमकी हीच वाट अरुंद करण्यासाठी खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2022च्या कामगार करारात ड्राफ्टसाठी लॉटरी आणण्यात आली. पहिल्या सहा जागा आता चिठ्ठीने ठरतात आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या जागेची सारखीच, म्हणजे प्रत्येकी 16.5 टक्के शक्यता असते. त्याहून महत्त्वाचे कलम असे की, मोठ्या बाजारपेठेतील जे संघ सामाईक महसुलात भर घालतात त्यांना सलग दोन वर्षे लॉटरीतील जागा मिळू शकत नाही, आणि अपात्र ठरलेल्या संघाला दहाव्या क्रमांकाच्या वर जाता येत नाही. व्हाइट सॉक्सने 2024च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवड केलेली होती. परिणामी 121 पराभव पदरात घेऊनही 2025मध्ये त्यांच्या वाट्याला दहावाच क्रमांक आला.

हा नियम हंगाम सुरू होण्यापूर्वीच लागू होता आणि तो कार्यालयातील सर्वांना ठाऊक असणारच. तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या लोभाने हा संघ हरला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. ज्या मोडतोडीचे बक्षीस नियमाने आधीच काढून घेतले होते ती मोडतोड तरीही करण्यात आली, हे मला अधिक गंभीर वाटते. मुद्दाम हरण्यात निदान काही हिशेब तरी असतो. गेट्झ यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, खेळाडू देऊन खेळाडू घेण्याच्या व्यवहारांतून काही हाती लागले. डिसेंबर 2024मध्ये गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर बोस्टनला देऊन घेतलेले काइल टील आणि चेस माइड्रॉथ पुढच्याच वर्षी मुख्य संघात खेळू लागले. 2025मध्ये व्हाइट सॉक्सने 60 सामने जिंकले. सुधारणा 19 विजयांची असली, तरी पराभव पुन्हा शंभराच्या पलीकडे, 102 झाले. इकडे क्रोशे मात्र 255 स्ट्राइकआउटसह (पिचरने स्वतःच्या चेंडूंवर फलंदाजाला बाद करणे) त्या वर्षी सर्व पिचरमध्ये पहिला आला.

प्रश्न : 1962च्या मेट्सवर लोकांनी प्रेम केले असे ऐकतो. मग शिकागोच्या प्रेक्षकांनी आपल्या संघावर एवढा राग का धरला?

उत्तर : मेट्स हा नवा संघ होता. 1957नंतर डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेले होते, त्यामुळे नॅशनल लीगचा कोणताही संघ परत मिळाला, याचेच तेथील लोकांना अप्रूप होते. शिवाय केसी स्टेंगल यांच्यासारखा मिश्किल मॅनेजर होता. सात वर्षांनी, 1969 साली, मेट्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, जिंकली म्हणून त्या पहिल्या हंगामाच्या आठवणी आणखी गोड झाल्या, हेही विसरू नये.

व्हाइट सॉक्स 1901पासून अमेरिकन लीगमध्ये आहे आणि 2005 साली, 88 वर्षांच्या खंडानंतर, तो जगज्जेता झाला होता. ज्यांनी ते पाहिले त्यांना विनोदी पराभवांचे कौतुक कसे वाटावे? 120 पराभव झाल्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीस संघ घरच्या मैदानावर आला तेव्हा गॅलरीतून ‘संघ विका’ अशा घोषणा झाल्या. गंमत अशी की, त्या तिन्ही सामन्यांत व्हाइट सॉक्सने लॉस एंजेलिस एंजल्सना हरवले आणि विक्रमी पराभव 27 सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाला. त्याच रात्री, त्याच विजयाने, डेट्रॉइट टायगर्सने दहा वर्षांनंतर बाद फेरीतील प्रवेश निश्चित केला. योगायोग असा की, 2003 साली 119 पराभव पत्करणारा संघ हाच टायगर्स होता, आणि तो तीनच वर्षांत वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला होता.

घोषणांचा रोख होता तो 1981पासून संघाचे मालक असलेल्या जेरी रीन्सडॉर्फ यांच्यावर. बास्केटबॉलमधील शिकागो बुल्सही त्यांच्याच मालकीचा आहे. जून 2025मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया हे व्हाइट सॉक्समधील आपला हिस्सा वाढवत नेणार आहेत. 2029 ते 2033 या काळात रीन्सडॉर्फ यांना बहुमताचा हिस्सा त्यांना विकण्याचा पर्याय आहे आणि 2034च्या हंगामानंतर तो विकत घेण्याचा पर्याय इश्बिया यांच्या हाती येतो. त्याआधी मालकी बदलणे अवघड दिसते.