थ्रॉटल बॉडी घरी साफ करताना

प्रश्न : माझ्या २०१५च्या पेट्रोल गाडीचे ७८ हजार किलोमीटर झालेत. सिग्नलला आरपीएम ५००पर्यंत उतरतो आणि एसी चालू असेल तर गाडी बंदच पडते. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ करायला सांगितलंय. घरी जमेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जमेल. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप; तिच्यातली प्लेट उघडमीट होऊन हवा कमी-जास्त करते. पण आधी एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टॉर्चच्या उजेडात आत बघा. प्लेटच्या कडेला काळी, तेलकट रेघ दिसली तरच पुढचं काम करा. आत स्वच्छ असेल तर दोष स्पार्क प्लगमध्ये किंवा दुसरीकडे शोधावा लागेल.

आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ही प्लेट जेमतेम उघडी असते आणि इंजिनाला लागणारी हवा कडेच्या केसभर फटीतून जाते. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून येणारी तेलाची वाफ नेमकी तिथेच चिकटते आणि फट बुजत जाते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) प्लेट थोडी जास्त उघडून सांभाळून घेतो, पण एसीचा कॉम्प्रेसर लागला की अचानक वाढलेला भार त्याला पेलत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची मायनस तार काढा आणि सगळ्या नळ्यांचा मोबाइलवर फोटो घ्या. कपलरचं (वायरच्या जोडाचं) लॉक दाबूनच कपलर ओढा. वायर धरून ओढू नका. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या दोन नळ्या असतात. त्या काढल्या की थोडं कूलंट सांडतं, म्हणून खाली फडकं ठेवा आणि शेवटी पातळी भरा. बॉडी बहुतेक चार बोल्टवर बसते. १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते. बोल्ट आलटून पालटून सैल करा. मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीचं) उघडं तोंड मोठ्या, स्वच्छ कापडाने झाका. बसवताना ते आधी काढायचं, हे विसरलात तर कापड इंजिनात ओढलं जाईल.

आता सफाई. प्लेट फिरवणाऱ्या मोटरची बाजू वर धरा, म्हणजे द्रव तिच्यात उतरणार नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनर सरळ आत न मारता कापडावर मारा आणि पुसा. शाफ्टजवळच्या (प्लेट ज्या दांडीवर फिरते तिच्याजवळच्या) कोपऱ्यांना मऊ टूथब्रश चालतो. काही बॉडींच्या आतल्या भिंतीवर, प्लेट जिथे टेकते तिथे, करड्या-काळ्या रंगाचा पातळ लेप असतो. तो दिसतो मळासारखा, पण कंपनीने फट बंद राहावी म्हणून दिलेला असतो. क्लीनरच्या कापडाने हलक्या हाताने पुसून जे निघत नाही, ते तसंच राहू द्या. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश तिथे लावू नका.

इलेक्ट्रॉनिक (मोटरने उघडणाऱ्या) थ्रॉटलची प्लेट हलवण्यापूर्वी मॅन्युअल बघा. काही कंपन्या ती हाताने हलवायला सरळ मनाई करतात. जिथे मनाई नाही, तिथेही कपलर काढलेला असतानाच बोटाने सावकाश उघडा. झटक्याने सोडली तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरना मार बसतो. कपलर जोडलेला आणि किल्ली ऑन असेल तर आत बोट घालूच नका. मोटर प्लेट जोरात मिटवते.

गॅस्केट किंवा ओ-रिंग (जोडातून हवा गळू नये म्हणून असलेलं सील) नवीच टाका. बोल्ट आधी हाताने लावा, मग थोडे थोडे करून आवळा. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर जादा ताकदीने बोल्ट ज्यात बसतो ती आतली पितळी बुशच फिरते आणि पंचाईत होते.

प्रश्न : साफ केल्यावर आरपीएम १५००वर अडकलाय. काही बिघडलं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही. बुजलेल्या फटीच्या हिशेबाने ईसीयू प्लेट जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो, आता तेवढ्याच उघडीतून हवा जास्त जाते. मॅन्युअलमध्ये दिलेली आयडल रीलर्निंगची (ईसीयूला आयडल पुन्हा शिकवण्याची) पद्धत करा. काही मॉडेलना त्यासाठी ईसीयूला जोडायचा स्कॅनरच लागतो. तरीही रेस उतरत नसेल आणि बॉडीजवळ 'सूंऽऽ' असा आवाज येत असेल, तर गॅस्केट नीट बसलेलं नाही किंवा एखादी व्हॅक्यूम नळी सुटली आहे. जुन्या, केबलच्या थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून रेस कमी करायला मात्र जाऊ नका. तो कारखान्यातच बसवून दिलेला असतो.

प्रश्न : पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर वापरला तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. कार्बोरेटर क्लीनर वर सांगितलेला लेप आणि रबर खाऊ शकतो. ज्या डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी असं छापलंय तोच घ्या. तोही ज्वलनशील असतो, म्हणून उघड्यावर काम करा आणि फवारा पूर्ण उडून गेल्यावरच स्टार्टर मारा.