सेल्टा करतोयस? टीचिंग प्रॅक्टिसबद्दल थोडं
ग्रामरची पुस्तकं पाठ करत बसू नकोस, सेल्टात, म्हणजे इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणाऱ्या केंब्रिजच्या कोर्सात, खरा कस लागतो तो टीचिंग प्रॅक्टिसमध्ये. एकूण 6 तास शिकवायचं असतं, तेही खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या लेव्हल्सना, आणि मागे ट्यूटर नि बरोबरचे ट्रेनी नोट्स काढत बसलेले असतात.

एक सवय मात्र आत्ताच सोड, वर्गाला 'अंडरस्टूड?' विचारायची. सगळे माना डोलावतात आणि कळलेलं कुणालाच नसतं. समजा 'आय यूस्ड टू स्मोक' शिकवतोयस, तर विचार, 'डिड आय स्मोक बिफोर?' मग 'डू आय स्मोक नाऊ?' येस, नो अशी उत्तरं आली की बिनधास्त पुढे सरक. हे प्रश्न लेसन प्लॅनमध्येच लिहून ठेव, ऐनवेळी सुचत नाहीत. आणि हँडआउट सूचना देऊन झाल्यावरच वाट, आधी वाटलंस तर लोक कागदात डोकं घालतात, मग तुझं कोण ऐकतंय!

बोलायचं त्यांनी, तू कमी. आपल्याकडे शिक्षक तासभर बोलतो ते बघत आपण मोठे झालोय, म्हणून मुद्दाम सांगतोय. असाइनमेंट्स 4 असतात, त्या जमतात. दुसऱ्यांचे लेसन बघताना शिक्षकाकडे कमी बघ, विद्यार्थी कुठे अडकतायत ते टिपत जा.