एआय एजंटसाठी गिटच्या साधनाचे वर्णन कसे लिहावे?

‘बदल मागे घेतो’ एवढे वर्णन एजंटला (स्वतः साधने वापरून काम करणाऱ्या एआयला) पुरेसे नाही, कारण गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीमध्ये) मागे जाण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांचे परिणाम अगदी भिन्न आहेत. रिव्हर्ट जुना इतिहास तसाच ठेवून उलट बदलाची नवी कमिट (बदलांची जतन केलेली नोंद) करतो. हार्ड रिसेट मात्र ट्रॅक केलेल्या (गिट ज्यांवर लक्ष ठेवतो अशा) फायलींतील कमिट न केलेले बदल पुसून टाकतो आणि ते रिफ्लॉगमधूनही (गिटच्या अलीकडच्या हालचालींच्या नोंदीतूनही) परत मिळत नाहीत. म्हणून साधन नेमके काय बदलते, ते कधी वापरू नये आणि कोणत्या कृतीपूर्वी माणसाची संमती घ्यावी, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. यातील ‘कधी वापरू नये’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅरामीटरमध्ये (साधनाला द्यायच्या माहितीत) ब्रँचचे (कामाच्या वेगळ्या शाखेचे) नाव अपेक्षित आहे की कमिटचा हॅश (तिचा ओळख-क्रमांक), हेही सांगावे.