कडू बिअर नासली होती का?

प्रश्न: पुतण्याने मे महिन्यात पुण्याहून ट्रेनने क्राफ्ट आयपीएचे (छोट्या ब्रुअरीच्या ‘इंडिया पेल एल’ बिअरचे) दोन कॅन आणले. घोट घेतला तर नुसतं कारलं! बिअर नासली होती, की ही अशीच असते? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: कडू असतेच, भाऊ. हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती वेलीची फुलं) उकळताना त्यातली आम्लं बदलतात आणि कडूपणा उतरतो; अमेरिकन धाटणीच्या आयपीएत तो साधारण 40 ते 70 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) धरतात. पण परीक्षा आधी नाकाची. फ्रीजमधून काढून जरा थांबा, ग्लासात ओता (कॅनला तोंड लावणाऱ्याने मला प्रश्न विचारू नये) आणि फेस आहे तोवर हुंगा. संत्र्याची साल, आंबा, चीडाची राळ असा वास आला तर माल ताजा. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा आणि उष्णता बाधली. भुसावळचा मे बघता माझा संशय इथेच. सुगंध आधी उडतो, कडूपणा मागे राहतो.

पिकल्या केळ्याचा वास जळगाव जिल्ह्यात शिकवायला नको! तो यीस्टमधून येतो. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवाच, आयपीएत मात्र मी गुण कापतो.

सोबत काय खाल्लं, ते लिहिलं नाहीत. काळ्या मसाल्याची शेवभाजी असेल तर विषयच संपला: अशा कडू बिअरने तिखट आणखी भडकतं. पुढच्या वेळी खारे शेंगदाणे घ्या आणि पुतण्याला बर्फाचा डबा न्यायला सांगा. कॅनवरची तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी.